ओजिब्वे समाजातील मुले आणि व्यसनप्रतिबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओजिब्वे समाज नेमका कोणता आणि तो कुठे राहतो?

ओजिब्वे हा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी एक मोठा समाज असून तो स्वतःला अनिशिनाबे म्हणवतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांच्या भोवती, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन व नॉर्थ डकोटा या राज्यांत आणि पलीकडे ऑन्टारियो व मॅनिटोबा या प्रांतांत त्याच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. एकट्या मिनेसोटात रेड लेक, व्हाईट अर्थ, लीच लेक, मिल लॅक्स, फॉन डू लाक, बॉइस फोर्ट आणि ग्रँड पोर्टेज असे सात ओजिब्वे राखीव प्रदेश आहेत. विस्कॉन्सिनमध्ये सहा आहेत. शिवाय समाजातील पुष्कळ कुटुंबे मिनियापोलिससारख्या शहरांत राहतात. प्रत्येक राखीव प्रदेशाचे स्वतःचे निवडून आलेले शासन आहे आणि त्यांचा इतिहासही एकसारखा नाही. रेड लेकची जमीन आजही संपूर्ण जमातीच्या सामाईक मालकीची आहे, तर शेजारच्या व्हाईट अर्थची बहुतेक जमीन १८८९ च्या नेल्सन कायद्यानंतरच्या काही दशकांत बाहेरच्यांच्या हाती गेली. म्हणून सबंध समाजाविषयी सरसकट विधान करताना जपून बोलावे लागते. येथील माहिती मुख्यतः मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधील समाजांविषयी आहे.

या लोकांत दारूची ओढ उपजतच असते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

नाही. हा समज फर व्यापाराच्या काळापासून चालत आला आहे. व्यापारी कातड्यांच्या मोबदल्यात रम देत आणि नंतर त्याच माणसांच्या पिण्याकडे बोट दाखवीत. मूळ रहिवाशांच्या शरीरात दारूविषयी काही वेगळी आनुवंशिक दुर्बलता असते, याला आधार सापडलेला नाही. २०१६ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी राष्ट्रीय सर्वेक्षणांतील आकडे तपासले, तेव्हा मागील महिन्यात दारूला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण मूळ रहिवाशांत सुमारे ६० टक्के आणि गोऱ्या अमेरिकनांत सुमारे ४३ टक्के आढळले. एका बैठकीत भरमसाट पिणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते.

या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे, कारण तो समज स्वतःच घातक ठरतो. आपल्या रक्तातच हे आहे, असे बारा वर्षांच्या मुलाला शाळेत, दुकानात आणि दूरचित्रवाणीवर सतत ऐकवले गेले, तर नकार देण्याचे बळ त्याने आणायचे कुठून? वांशिक भेदभावाचा अनुभव आणि लहान वयातील व्यसन यांचा संबंध या भागातील मूळ रहिवाशांच्या शाळकरी मुलांच्या अभ्यासांत दिसून आला आहे.

मग समस्या गंभीर आहे असे का म्हटले जाते?

कारण परिणाम भयंकर आहेत. मिनेसोटात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे मूळ रहिवाशांतील प्रमाण गोऱ्या लोकांच्या अनेक पट आहे, आणि ही तफावत देशातील सर्वांत मोठ्या तफावतींपैकी एक मानली जाते. पिणारे किंवा नशा करणारे किती, एवढाच हा हिशेब नाही. नशा करणाऱ्याला वेळेवर उपचार मिळतात का, रुग्णवाहिका किती मैलांवरून येते, घर आणि काम आहे का, यांवर माणूस जगतो की मरतो हे ठरते.

इतिहासाचा भागही टाळता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुलांना आईवडिलांपासून तोडून वसतिशाळांत ठेवले गेले. विस्कॉन्सिनमधील लाक द्यू फ्लॅम्बो येथे अशी सरकारी शाळा १८९५ मध्ये सुरू झाली आणि दक्षिण मिनेसोटातील पाईपस्टोनची शाळा १९५३ पर्यंत चालली. तेथे मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. जे मूल आईच्या मायेऐवजी घंटेच्या तालावर वाढले, त्याने पुढे स्वतःच्या मुलांना कसे वाढवावे, हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. समाजशास्त्रज्ञ लेस व्हिटबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये भाषा, जमीन आणि कुटुंबे गमावल्याचे विचार माणसाच्या मनात किती वेळा येतात हे मोजण्याची पद्धत मांडली. वसतिशाळांच्या पिढीपेक्षा तरुण असलेल्या पालकांच्या मनातही ते विचार वारंवार येत असल्याचे तिच्यातून दिसले.

त्यावर गेल्या पंचवीस वर्षांत वेदनाशामक गोळ्यांचे संकट आले. औषध कंपन्यांनी ओपिओइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचा बेसुमार पुरवठा केल्याबद्दल देशभरातील जमातींनी दावे लावले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एक उत्पादक व तीन मोठे वितरक यांनी जमातींना मिळून ५९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

कोणते पदार्थ मुलांपर्यंत पोहोचतात?

दारू, व्हेप (इलेक्ट्रॉनिक सिगारेट) आणि गांजा हे सर्वसाधारणपणे आधी येतात; मेथ (मेथॲम्फेटामिन हे उत्तेजक) आणि ओपिओइड त्यानंतर. सर्वांत मोठा धोका सध्या बनावट गोळ्यांचा आहे, कारण औषधाच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या गोळीत फेंटॅनिल हे अतिशय तीव्र ओपिओइड असू शकते आणि पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो.

प्रतिबंधाची सुरुवात कोणत्या वयात करावी?

पालकांना वाटते त्याच्या बरीच आधी. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात, वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले, तर विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे पहिला घोट दोन-चार वर्षे पुढे ढकलला गेला तरी ती मोठी कमाई आहे. अमेरिका आणि कॅनडातील आठ अनिशिनाबे वस्त्यांत २००० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला ७०० हून अधिक मुलांचा जो दीर्घ अभ्यास हाती घेतला गेला, त्यात मुले दहा ते बारा वर्षांची असताना पहिल्या मुलाखती झाल्या. तीच मुले आता स्वतः पालकांच्या वयाची आहेत आणि त्या अभ्यासाची धुरा मेलिसा वॉल्स या अनिशिनाबे संशोधिकेकडे आहे. त्या वस्त्यांची नावे मुद्दाम प्रसिद्ध केली जात नाहीत. त्याचे कारण शेवटच्या उत्तरात येईल.

तंबाखू पवित्र मानतात आणि मुलांना तंबाखूपासून दूरही ठेवतात. हे कसे जुळते?

असेमा, म्हणजे तंबाखू, ही अनिशिनाबे परंपरेत अर्पण करण्याची वस्तू आहे. झाडाची साल काढण्यापूर्वी, जंगली भात झोडायला जाण्यापूर्वी किंवा वडीलधाऱ्यांकडे एखादी गोष्ट विचारण्यापूर्वी चिमूटभर असेमा दिली जाते. बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी तांबड्या विलो या झुडपाची अंतर्साल वापरतात, जिच्यात निकोटिन नसते. पाईप ओढला जातो तो विधीत, आणि तेथेही धूर छातीत भरून घेण्याचा हेतू नसतो.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. मूळ रहिवाशांच्या धार्मिक विधींवर सरकारने दीर्घकाळ निर्बंध लादले होते आणि धर्मस्वातंत्र्याचा विशेष कायदा १९७८ मध्ये झाला. त्या काळात काही ठिकाणी दुकानातील सिगारेटीच असेमाच्या जागी आल्या. त्यामुळे आजचे कार्यकर्ते 'तंबाखू वाईट' असा फलक लावत नाहीत. ते मुलांना विलोची साल सोलायला, वाळवायला आणि अर्पण करायला शिकवतात व त्याच वेळी दुकानातील सिगारेट आणि व्हेप ही वेगळी, विकण्यासाठी बनवलेली वस्तू आहे हे दाखवतात. बाहेरून आलेले सरसकट तंबाखूविरोधी पोस्टर येथे निरुपयोगी तर ठरतेच, पण मुलाला आजोबांच्या श्रद्धेविरुद्ध उभेही करते.

कुटुंबासाठी कोणते कार्यक्रम आहेत आणि ते कसे चालतात?

सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण 'बिझिंदादेदा' या कार्यक्रमाचे आहे. एकमेकांचे ऐकू या, असा त्या नावाचा आशय. त्याचा सांगाडा आयोवा राज्यात विकसित झालेल्या, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या एका कुटुंब कार्यक्रमातून आला. मूळ कार्यक्रमात आठवड्यातून एक अशा सात बैठका असतात. पहिला तास पालक आणि मुले वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि दुसऱ्या तासात एकत्र येतात. पालक नियम आणि माया यांचा मेळ कसा घालावा यावर बोलतात, मुले मित्रांचा दबाव कसा टाळावा याचा सराव करतात आणि नंतर दोघे मिळून तीच कौशल्ये वापरून पाहतात.

ओजिब्वे समाजांनी हा सांगाडा जसाच्या तसा उचलला नाही. वस्तीतील वडीलधारे आणि पालक यांच्या सल्लागार गटांनी तो उघडून पुन्हा बांधला. दोनच पालक आणि त्यांची मुले, ही कुटुंबाची कल्पना तेथे अपुरी पडते. आजी, मावशी, मामा, मोठी चुलत बहीण यांपैकी जो कोणी मुलाला वाढवतो तो पालक म्हणून येतो. एकत्र जेवण असते, वडीलधारे कथा सांगतात, भाषेतील शब्द येतात, आणि आपल्या लोकांवर काय गुजरले हा विषय टाळला जात नाही. कॅनडातही या कार्यक्रमावरून वेगवेगळ्या समाजांनी आपापल्या आवृत्त्या तयार केल्या. माझ्या मते यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कार्यक्रमाची पुस्तिका नव्हे, तर ती बदलताना झालेल्या बैठका आहेत. तेरा वर्षांच्या मुलाने घरी किती वाजता यावे, यावर वस्तीतील मोठ्यांचे एकमत अशा बैठकांतून होते.

संस्कृती शिकवल्याने व्यसन खरेच टळते का, की ही केवळ भावनिक कल्पना आहे?

येथे प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचे आहे. परंपरेशी घट्ट नाते असलेल्या प्रौढांत दारू सोडून दिलेल्यांचे प्रमाण अधिक असल्याचे याच भागातील अभ्यासांत आढळले आहे. मुलांच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एकसुरी नाहीत: शाळेतील यश आणि चांगली वागणूक यांच्याशी संस्कृतीचा संबंध बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो, पण व्यसनाशी थेट संबंध कधी दिसतो, कधी दिसत नाही. पाववावमध्ये, म्हणजे पारंपरिक नृत्यमेळाव्यात, नाचणारे प्रत्येक मूल सुरक्षित आहे, असे कोणी जाणकार म्हणत नाही.

तरीही वर्षभराचे चक्र पाहिले की यातील तर्क कळतो. मार्च-एप्रिलमध्ये मेपलच्या झाडांना नळ्या ठोकून रस गोळा करतात. सुमारे चाळीस भाग रस आटवल्यावर एक भाग पाक मिळतो, आणि तोवर कोणाला तरी रात्रभर जाळापाशी बसून राहावे लागते. बर्फ वितळताच भाल्याने वॉलाय मासे पकडण्याचा हंगाम येतो. ऑगस्टच्या शेवटी मानोमिन, म्हणजे सरोवरात उगवणारा जंगली भात, तयार होतो. एक जण बांबूसारख्या लांब काठीने नाव पुढे रेटतो आणि दुसरा दोन हलक्या लाकडी काठ्यांनी लोंब्या वाकवून दाणे नावेत झाडतो. पुढे ते दाणे वाळवणे, भाजणे आणि पायांनी मळणे ही कामे असतात. या प्रत्येक कामात चौदा वर्षांच्या मुलाची खरी गरज असते, आणि त्याच्या शेजारी दारू न प्यालेला, कामात गुंतलेला मोठा माणूस तासन्‌तास असतो. व्याख्यानात ही सोय नाही.

संस्कृतीला जोड लागते ती साध्या व्यवस्थेची. ओक्लाहोमातील चेरोकी नेशन या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या हद्दीतील गावांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन उपाय तपासले गेले: अल्पवयीनांना दारू मिळू नये म्हणून गावातील प्रौढांची संघटना, आणि शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याशी सत्रातून एकदा होणारे खासगी, उपदेशविरहित संभाषण. दोन्ही उपायांनी मुलांचे पिणे कमी झाले. ओजिब्वे समाज चेरोकींहून वेगळा आहे; तरी दुकानदार, मोठा भाऊ आणि घरातील फ्रीज यांतून दारू मुलाच्या हाती कशी जाते, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

शाळेत काय करता येते?

भीती दाखवणारी भाषणे आणि पोलिसांनी येऊन दिलेले धडे यांचा टिकाऊ परिणाम होत नाही, हे अमेरिकेत १९९० च्या दशकातच मूल्यमापनांतून स्पष्ट झाले होते. तरी ती पद्धत अजून चालते, कारण ती स्वस्त आहे आणि छायाचित्रात चांगली दिसते. त्याउलट, लेक सुपीरियरच्या काठावरील रेड क्लिफ या ओजिब्वे समाजातून मूळ रहिवाशांच्या शाळांसाठी जो आरोग्य अभ्यासक्रम आला, त्यात वर्तुळात बसून बोलणे आणि छोट्या गटांत भावना, निर्णय व समाजातील आपली जागा यांवर काम करणे यांवर भर आहे.

भाषाशाळांचाही येथे उल्लेख हवा. विस्कॉन्सिनमधील लाक कूट ओरेय येथील 'वाडूकोडाडिंग' या शाळेत मुले गणितही ओजिब्वे भाषेतून शिकतात. तिचा उद्देश व्यसनप्रतिबंध हा नाही. भाषा जिवंत ठेवणे हा आहे. पण ज्या भाषेसाठी पणजोबांना मार बसला, तीच भाषा शाळेत बोलणारे मूल स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहते.

सरळ दारूबंदी का करत नाहीत?

केली गेली होती, आणि तीही बाहेरून. १८३२ च्या संघीय कायद्याने मूळ रहिवाशांच्या प्रदेशांत दारू नेण्यास मनाई केली आणि ती १९५३ पर्यंत टिकली. त्यानंतर निर्णय प्रत्येक जमातीवर सोपवला गेला. रेड लेकने आपल्या हद्दीत बंदी कायम ठेवली. महाराष्ट्रातील वाचकांना येथे गडचिरोली आठवेल, जेथे १९९३ मध्ये लोकांच्या मागणीवरून दारूबंदी झाली. लोकांनी मागितलेली बंदी आणि वरून लादलेली बंदी यांत मोठा फरक आहे, पण दोन्हींना एक मर्यादा सारखीच आहे: हद्दीबाहेरचे दुकान उघडेच राहते, आणि नशेच्या गोळ्या तर खिशातून येतात.

काही जमाती स्वतः गांजा विकतात. हा विरोधाभास नाही का?

आहे, आणि समाजातही त्यावर वाद आहे. मिनेसोटात २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी गांजा १ ऑगस्ट २०२३ पासून कायदेशीर झाला आणि राज्यातील पहिली दुकाने रेड लेक व व्हाईट अर्थ या जमातींनीच त्या आठवड्यात उघडली. समर्थकांचे म्हणणे असे की विक्री होणारच आहे, तर वयाची तपासणी आणि उत्पन्न दोन्ही जमातीच्या हाती असावे. या उत्पन्नातून घरे, आरोग्य आणि शाळा यांना पैसा मिळू शकतो. विरोधकांना वाटते की जमातीच्या ज्या निर्वाचित परिषदेने व्यसनाविरुद्ध आणीबाणी जाहीर केली, तिनेच फलक लावून गांजा विकला तर मुले कोणता धडा घेतील? मला विरोधकांचे म्हणणे अधिक वजनदार वाटते, पण हा निर्णय घेण्याचा अधिकार त्या जमातींचा आहे याविषयी शंका नाही.

आईवडीलच व्यसनी असतील तर?

मग त्यांचे बरे होणे हाच मुलासाठीचा प्रतिबंध ठरतो. लीच लेक जमात आणि कॅस परगणा यांनी २००६ मध्ये एक संयुक्त 'वेलनेस' न्यायालय सुरू केले. जमातीचे न्यायाधीश आणि परगण्याचे न्यायाधीश एकत्र बसतात आणि तुरुंगाऐवजी उपचार, नियमित हजेरी व चाचण्या यांवर आधारलेला मार्ग देतात. दोन्ही सत्तांमध्ये दीर्घकाळ अविश्वास होता, हे लक्षात घेतले तर असे एकत्र बसण्याचे महत्त्व कळते.

परंतु अनेक माता मदत मागायलाच घाबरतात, आणि ती भीती निराधार नाही. १९६९ आणि १९७४ च्या पाहण्यांनुसार मूळ रहिवाशांच्या २५ ते ३५ टक्के मुलांना कुटुंबांपासून वेगळे करण्यात आले होते. त्यातून १९७८ चा बालकल्याण कायदा झाला, ज्यानुसार मुलाला नातेवाइकांकडे किंवा जमातीतच ठेवण्यास प्राधान्य द्यावे लागते; सर्वोच्च न्यायालयाने तो जून २०२३ मध्ये कायम ठेवला. उपचार केंद्रात पाऊल टाकताना आईला 'मूल कोणाकडे राहील' याचे लेखी आणि स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर ती पाऊल टाकणार नाही.

घरी लगेच करता येण्यासारखे काय आहे?

उरलेल्या वेदनाशामक गोळ्या कुलपात ठेवाव्यात किंवा दवाखान्यात परत कराव्यात. नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा घरात आणि गाडीत असावा; ओपिओइडच्या अतिमात्रेत तो श्वास परत आणू शकतो आणि २०२३ पासून तो अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतो. फवारा मारला तरी रुग्णवाहिका बोलवावीच. मूल मानसिक संकटात असेल तर ९८८ हा मदतवाहिनीचा क्रमांक अमेरिकेत कुठूनही लागतो. यापलीकडे, मूल कोणाबरोबर आणि कुठे आहे हे रोज रागावल्याशिवाय विचारत राहणे, हा कंटाळवाणा पण सिद्ध झालेला उपाय आहे.

या कामासाठी पैसा कुठून येतो?

आरोग्यसेवा ही जमाती आणि अमेरिकी सरकार यांच्यातील अनेक करारांत जमिनीच्या बदल्यात मान्य झालेली बांधिलकी आहे. संघीय सरकारची मूळ रहिवाशांसाठीची 'इंडियन हेल्थ सर्व्हिस' ही आरोग्य सेवा १९५५ पासून ती पाहते, आणि १९७५ च्या कायद्यामुळे जमाती त्या सेवा स्वतः चालवायला घेऊ शकतात. सेवेचा निधी नेहमीच अपुरा असतो. प्रतिबंधाचे काम बहुधा तीन किंवा पाच वर्षांच्या अनुदानावर चालते. दहा वर्षांच्या मुलाचा विश्वास मिळवलेली कार्यकर्ती तो तेरा-चौदाचा होताना, नेमक्या गरजेच्या वेळी, अनुदान संपल्याने निघून जाते. औषध कंपन्यांच्या तडजोडीचा पैसा टप्प्याटप्प्याने अनेक वर्षे येणार असल्याने काही जमातींना आता लांबचे नियोजन करता येईल.

मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या मराठी डॉक्टर, शिक्षक किंवा विद्यार्थ्याला या कामात मदत करायची असेल तर?

आधी जमातीच्या आरोग्य विभागाकडे जाऊन त्यांना काय हवे आहे ते विचारावे; आपला आराखडा घेऊन जाऊ नये. भारतातून आलो आहोत म्हणून आपल्याला आदिवासींचे प्रश्न कळतात, असे गृहीत धरणे तर मुळीच नको. संशोधन करायचे असल्यास जमातीच्या परिषदेची किंवा तिच्या नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, आणि गोळा केलेली माहिती समाजाची राहते. वस्त्यांची नावे गुप्त ठेवली जातात ती याचसाठी की पूर्वीच्या संशोधकांनी आकडे नेले, वृत्तपत्रांनी त्यांतून 'व्यसनी गाव' असा मथळा केला आणि त्या गावच्या मुलांना शेजारच्या शहरात तो ऐकावा लागला. विधींची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. एखाद्या वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषाकडे काही विचारायला जाताना असेमा कशी द्यावी, हे तेथील कर्मचाऱ्याला आधी विचारून घ्यावे. तो आनंदाने सांगतो. पहिल्या हंगामात आपल्याला बहुधा खुर्च्या लावण्याचे, मुलांना गाडीतून ने-आण करण्याचे आणि जेवण वाढण्याचे काम मिळेल. ते घ्यावे, आणि पुढच्या हंगामातही यावे.